फाटकाशी थांबलेली गाडी

बर्फ पडायच्या आत रालित्साला तान्ह्या बाळासह घाट उतरून शहर गाठायचं होतं. अंगणात तिचे वडील मेतोदी जुन्या गाडीच्या चाकामागे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा नवा टाय रॉड बसवत होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या हातात पूर्वीचा जोर राहिला नव्हता, पण पाना कुणाला देतील तर शपथ. “बाबा, मी आवळू का?” “तू पोर सांभाळ.” अखेर गाडी जॅकवरून उतरली. रालित्साने इंजिन सुरू केलं. मेतोदी फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. पण फाटक काही उघडेनात. शेवटी गाडीसमोरच येऊन उभे राहिले. “उतर. नट पुरता बसलाय की नाही, माझ्या हाताला कळत नाही.” तिने चाकामागे हात घालून पाना फिरवला. “किती ढिला होता?” “दोन फेरे, बाबा.” “पुढच्या वेळी माझं ऐकू नकोस,” म्हणत त्यांनी फाटक उघडलं.