देव कुणाकडे दिलेत?

"भगवान? हमारे यहाँ? नहीं तो, आंटीजी." चौहानभाभी पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. "मनन भिया ने तो कुछ नहीं दिया."

विनोदिनीबाईंच्या कपाळाला आठी पडली. धारहून इंदूरला बस बदलून त्या देवासला आल्या होत्या. हातात पितळी डबा, डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ. घर बंद करून गावाला जायचं तर देव उपाशी ठेवायचे नाहीत, तांदळांवर बसवून नातलगाकडे पोचते करायचे, ही घराची रीत. दर वेळी मनन ते आईकडे धारला आणून द्यायचा. या वेळी मनालीला निघताना मात्र फोनवर म्हणाला, "शेजारी भाभींकडे दिलेत." तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. भाभी बाई भली, पण बाळकृष्णाला दुधात साखर लागते हे तिला कोण सांगणार? म्हणून त्या देव धारला न्यायलाच आल्या होत्या.

मननच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं. म्हणजे देव आत, आणि उपाशी. हे नक्की ऋजुताचं काम. सुनेवर संशय घ्यायला विनोदिनीबाईंना फार वेळ लागत नसे.

"और एक बात बोलूँ?" भाभींनी आवाज खाली आणला. "कूलर चलता है इनका, भरी दुपहरी में. अपने को तो शक है, कोई घुसा हुआ है अंदर. हमारे ये घर आएँ तो पुलिस को फोन करवाती हूँ."

"रुको जरा. मैं देखती हूँ."

त्या घराच्या बाजूच्या बोळातून मागं गेल्या. कूलर खरंच चालू होता, खाली पाणी ठिबकत होतं. स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी, आणि तिच्यातून उकडून भाजलेल्या कणकेच्या बाफल्यांचा, तुपाचा वास. आत चोर नव्हते. चोर भर दुपारी तुपातले बाफले करत बसत नाहीत, एवढं विनोदिनीबाईंना कळत होतं.

तेवढ्यात आत देवाची घंटा वाजली.

"झाला नैवेद्य," मननचा आवाज आला. "वाढ आता. आणि तूप सोड भरपूर. उठून जायचंय कुठे?"

"हळू बोल. भाभींना ऐकू जाईल." ही ऋजुता.

"जाऊ दे. पुढं कुलूप लावून मागच्या दारानं आत आलोय, बिनधास्त राहा. धारला खरं सांगितलं असतं ना, तर आत्ता टाकीत उतरून शेवाळ घासत असतो."

दोघं हसली. मनन तर असा हसला की त्याला ठसका लागला.

विनोदिनीबाई भिंतीला टेकल्या. मागच्या सुट्टीत धारच्या घराची टाकी त्यांनीच त्याच्याकडून घासून घेतली होती. त्याच्या मागच्या सुट्टीतही. त्यांना वाईट वाटलं आणि रागही आला. पोरानं देवांना फसवलं नव्हतं, वेळेवर नैवेद्य दाखवत होता. फसवलं होतं ते आईला.

पर्समध्ये त्या दाराची दुसरी किल्ली होती. कुलूप काढायचं आणि ताटांसमोर जाऊन उभं राहायचं, बस. किल्ली हातात घेऊन त्या फाटकापर्यंत आल्या. तिथं थांबल्या आणि आधी फोन लावला. खरं बोलायची एक संधी द्यावी म्हणून.

"बोल गं आई!"

"काय चाललंय?"

"काही नाही, फिरतोय. ठंड आहे एकदम. दात वाजतायत."

"आणि मागं घरघर कसली ऐकू येतेय?"

"नदी आहे आई. फार जोरात वाहते इथं."

विनोदिनीबाईंनी कूलरच्या दिशेला पाहिलं. किल्ली तळव्यात रुतत होती. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं उघडं पडलं असतं. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण तोंडातून निघालं भलतंच.

"बरं वाटतंय का रे तुला?"

मननचा आवाज बदलला. त्यात मनाली नव्हती.

"खूप बरं वाटतंय, आई. कित्येक वर्षांनी झोप पुरी झाली. खरंच."

विनोदिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"मग राहा आरामात," त्या म्हणाल्या. "स्वेटर घालत जा."

फोन ठेवून वळतात तो चौहानभाभी मागं उभ्याच.

"कोई है क्या अंदर, आंटीजी?"

"कोई नहीं. भगवान हैं."

"और कूलर?"

"उन्हीं के लिए चालू छोड़ गए हैं. इतनी गर्मी में भगवान को तकलीफ नहीं होती क्या?" विनोदिनीबाईंचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा करडा झाला. "पुलिस-बिलिस की कोई जरूरत नहीं."

भाभींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या डब्याकडे. "तो भगवान को लेके नहीं जा रहीं आप?"

"नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "उनको यहीं अच्छा लग रहा है."

किल्ली त्यांनी डब्यातल्या तांदळांत खुपसली आणि झाकण दाबून बसवलं. निघण्याआधी त्या पुन्हा मननच्या दाराशी गेल्या, आवाज होऊ न देता, आणि कुलूप हलकेच ओढून पाहिलं. नीट लागलेलं होतं.