देवघराची भिंत

थोरल्याला काळ्या आजाराच्या जीवघेण्या तापातून कसंबसं माघारी आणलं, तेव्हापासून सुनैनाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. धाकट्या तान्ह्याचं अंग जरा कोमट लागलं, की ती रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहायची. आजार पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींवर बसते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून औषध फवारणारे दारात आले, तेव्हा देवघराच्या उंबरठ्यावर ठाण मांडलेल्या सासूबाईंशी ती पहिल्यांदाच भांडली.

"माझ्या कुलदेवीवर विष मारताय? आधी माझ्यावर मारा!"

"माय, माशीला देवघर कळतं का? धाकटाही तापाने फणफणायला हवाय का तुम्हाला?"

सासूबाई फणकाऱ्याने अंगणात निघून गेल्या. भिंतीभिंतीवर फवारा बसला. "पावसाळ्यापर्यंत भिंतीला हात लावू नका. वर औषध आहे तोवर बसेल ती माशी मरेल," फवारणीवाला सुनैनाला म्हणाला. पांढरे ओघळ वाळले, घरभर उग्र वास भरला. सुनैना कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

चैती छठचा सण तोंडावर आला. पूजेचं सामान घेऊन ती बाजारातून परतली, तर सासूबाई दारातच उभ्या. हात कोपरापर्यंत शेणामातीने माखलेले, चेहरा उजळलेला.

"ये कनिया, ये सूनबाई, रुसवा सोड. तुझंच खरं होतं, माश्या मेल्या. पण ते विष पोराच्या हाताला लागलं असतं ना! सगळ्या भिंती वरपासून खालपर्यंत सारवून काढल्या बघ. आता खुशाल निजव बाळाला भिंतीकडेला."