एक बातमी राहिली

क्लबची गुरुवारची सभा रंगात आली होती. सेक्रेटरी मंदार माइकवर सभासदांच्या बातम्या सांगत होता. कुणाला नात झाली होती, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. प्रत्येक बातमीला टाळ्या पडत होत्या.

समोर बसलेल्या त्याच्या आईचं, शैलजाताईंचं, तिकडे लक्ष नव्हतं. त्याही क्लबच्या जुन्या सभासद. मंदारचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नेत्रशिबिरांत बरोबर काम करणाऱ्या देवलसरांशी लग्न करायचं म्हणतेय, असं त्यांनी गेल्या आठवड्यात मुलाला सांगितलं, तेव्हापासून तो घरात त्यांच्याशी बोललाच नव्हता. उगाच त्याला अवघडायला नको म्हणून देवलसर आज सभेला आले नव्हते.

"बातम्या संपल्या," मंदार म्हणाला.

शैलजाताई उठल्या. "एक राहिली. मी आणि देवलसर लग्न करतोय."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळेना. सगळे मंदारकडे बघू लागले. त्यानं माइक बंद केला, मग पुन्हा सुरू केला.

"कधी?"

"तू बोललास की ठरवू, असं म्हटलं होतं."

मंदारनं घसा खाकरला. "मंडळी, तारीख कळवतोच. जेवण मात्र आमच्या घरी. आणि देवलसरांना कुणीतरी फोन लावा. सभा बुडवलेली चालत नाही म्हणावं."

टाळ्यांच्या कडकडाटात शैलजाताईंना मागची खुर्ची हातानं चाचपून शोधावी लागली.