पाडव्याची हाक

हरणी पंचगंगेच्या घाटावर मधोमध ठाम उभी होती. शिंगांना मोरपिसं, कपाळावर कवड्यांची माळ, काळ्या तुकतुकीत पाठीवर रंगानं काढलेला पिवळा मोर. राजवीरनं मोटारसायकल तिच्याभोवती दोनदा फिरवली, रेस दिली, घसा बसेस्तोवर हाका मारल्या. हरणी रवंथ करत राहिली.

"राजवीर, म्हैस हाय का फोटू रं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि घाट हसला.

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी अशा नटतात. मालकानं हाक देऊन गाडी पळवली की म्हशीनं गर्दीतून वाट काढत त्याच्यामागं धावायचं. हरणी दरसाल धावायची. पण ती राजवीरच्या बापाच्या, आकारामच्या हाकेवर.

आकाराम वरच्या पायरीवर बसून बघत होता. गळ्याभोवती मऊ पांढरा पंचा. पंचाखाली श्वासाचं भोक. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, आणि तिच्यासोबत आवाजही गेला.

त्यानंतरचं वर्ष त्याला पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं. लहानपणी तो याच पंचगंगेत बुडी मारून तळाशी बसायचा. वर पोरं आरडाओरडा, कालवा करत असायची, आणि तो कालवा खाली येईपर्यंत हिरवट, मऊ, कुणा दुसऱ्याच गावातला होऊन जायचा. तसंच हे वर्ष. राजवीरच्या लग्नातला बँड लांबून वाजला. दुधाची गिऱ्हाइकं लांबून बोलली. बायकोचं रडणंसुद्धा लांबूनच आलं. खरं सांगायचं तर तिथं खाली त्याला फार वाईट वाटत होतं असंही नाही. तिथं कुणी काही विचारत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पुढं गळ्यात एक बारीक झडप बसवून दिली. भोकावर अंगठा दाबायचा आणि श्वास वर लोटायचा, की शब्द येतो. शब्द आलाही. पण डब्यात कोंडलेला कुणी परका माणूस आतून बोलावा, तसा तो आवाज होता. आकारामनं अंगठा काढून घेतला. घरी येऊन त्यानं टाळ्या वाजवून आणि हातवारे करूनच दिवस काढले.

आज पहाटे पाठीला उटणं लावताना चिमणाबाईनं नवऱ्याला विचारलं होतं, "मागलं वरीस तर दवाखान्यातच गेलं. आवंदा काय ठरिवलंसा?"

आकारामनं गोठ्याकडं बोट केलं होतं. गळ्यातल्या भोकात पाणी जाऊ नये म्हणून तिनं तांब्या जपून कलता केला.

आता तो उठला. एकेक पायरी उतरून खाली आला. बाप येताना दिसला तसं राजवीरनं गाडी बंद केली. आकारामनं पंचा सोडला, हरणीसमोर उभा राहिला आणि गळ्यावर अंगठा दाबला.

"हर...णी."

गर्दीतली डोकी वळली. आवाज पाण्यावरून घासत पलीकडच्या काठाला गेल्यासारखा वाटला. हरणीनं एक कान उभा केला. त्याच्याकडं बघितलं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाकडं बघावं, तेवढंच.

त्यानं पुन्हा हाक मारली. हरणीनं तोंड नदीकडं फिरवलं.

लहान रेडकू असताना तिला त्यानं हातानं दूध पाजलं होतं. गोठ्यात त्याची नुसती चाहूल लागली तरी ती हंबरायची. आकाराम तसाच उभा राहिला. कलत्या उन्हात गुलाल तरंगत होता, आणि पाणी पुन्हा आपल्या डोक्यावरून मिटत चाललंय असं त्याला वाटलं. मऊ, हिरवट पाणी. खाली जाणं सोपं होतं.

तो वळला. पायऱ्यांवर चिमणाबाई पदरात तोंड लपवून उभी होती. तिच्या शेजारी म्हशीला ओवाळायचं ताट घेऊन सून, अनुजा. वैशाखात जयसिंगपूरहून लग्न होऊन आलेली. बाकी सगळ्यांनी नजरा खाली घातल्या होत्या. ती मात्र थेट त्याच्याकडं बघत होती, मान जरा कलती करून, कान देऊन.

हिनं आपला जुना आवाज कधी ऐकलेलाच नाही, हे आकारामच्या तेव्हा ध्यानात आलं. हिच्या लेखी सासऱ्याचा आवाज म्हणजे हाच.

त्याचा अंगठा पुन्हा गळ्यावर गेला.

"अनुजा."

"ओ, मामा!"

स्वयंपाकघरातून द्यावी तशी तिनं ओ दिली. ताट सासूच्या हातात ठेवलं, पदर खोचला आणि भराभरा पायऱ्या उतरून समोर येऊन उभी राहिली.

"काय पायजे, मामा?"

एवढ्या पुढचा विचार आकारामनं केलाच नव्हता. आजूबाजूचे आवाज एकेक करून जवळ येऊ लागले. कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यातली घंटा, फुगेवाला, राजवीरचं खाकरणं.

"काय न्हाय," तो म्हणाला. "नुसती हाक मारली."

"बरं," अनुजा म्हणाली. ती हसली नाही, की तिचे डोळे भरले नाहीत. हरणीच्या कपाळावरची सरकलेली माळ तिनं नीट केली, परत जायला निघाली आणि दोन पायऱ्या चढून थबकली.

"मामा, चहात साखर किती लागती तुमास्नी? आल्यापासनं अंदाजानंच घालतोय की मी."

आकारामनं अंगठा गळ्याकडं नेला.