खर्जातली जागा

श्रीपती ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. राजापूरचा कार्यक्रम उद्यावर आला, तरी नव्या गाण्यातली बेसची एक जागा त्याच्या बोटांत बसेना. म्हणून भर दुपारी त्याने टेपरेकॉर्डर आंब्याच्या रिकाम्या पेटीवर ठेवून त्या गाण्याची कॅसेट लावली. फळीला तळहात टेकला की दबलेला खर्जही हाताला कळायचा.

"काय माणूस आहे गो हा!" तो बायकोला म्हणाला. कॅसेटवर त्या वादकाचं नावही नव्हतं. "सगळं गाणं याने तोलून धरलंय."

"मग तुम्हीही धरा की," फणसाचे गरे काढता काढता हेमा हसली.

त्याने कॅसेट मागे घेतली. गाणारी होती त्याच लयीत गात होती; बेस मात्र सावकाश, एकेक सूर सुटा करून वाजला, समोर बसून शिकवावा तसा. श्रीपतीच्या अंगावर काटा आला, पण जागा बसली.

ताडून बघायला त्याने पुन्हा तेच लावलं. आता तिथे बेसच नव्हता. पंगतीत कुणासाठी पाट मांडून ठेवावा, तशी ती जागा मोकळी ठेवलेली होती. श्रीपतीने डोळे मिटले आणि वाजवलं. असं त्याने कधीच वाजवलं नव्हतं.

"अहो, किती सुरेख!" हेमाचा हात थांबला.

तेवढ्यात खट्कन बटण दबलं. कुणीही हात न लावता कॅसेट मागे फिरली, नेमकी थांबली आणि सुरू झाली. पेटीतून श्रीपतीचाच बेस घुमला. आणि त्याच्या मागोमाग, अडखळत, कुणीतरी तीच जागा बसवू लागलं.