मागचा पांढरा दिवा

"टाका रिव्हर्स," जीपच्या मागे उभा राहून सादिक मेकॅनिक ओरडला.

"टाकला," दौलत म्हणाला. मागचा पांढरा दिवा काही लागला नाही.

उद्या त्या जुन्या फोर बाय फोर जीपचं आरटीओत पासिंग होतं. सादिकने बल्ब बदलला, वायर तपासली, गिअरबॉक्सवरचा स्विचही नवा बसवला. शेवटी वैतागून तो स्वतःच स्टिअरिंगवर बसला आणि त्याने गिअर टाकला. दिवा लख्ख पेटला.

"दिव्यात काही नाही, दौलतभाऊ. तुमचा हात अर्ध्यावर थांबतोय."

दौलतने हाताकडे पाहिलं. गेल्या पावसाळ्यात घाटात दाट धुकं होतं. धाकटा भाऊ रावबा दरीच्या बाजूला उभा राहून मागच्या पत्र्यावर थापा मारत होता, "येऊ दे, येऊ दे." मागच्या दिव्याचा बल्ब तेव्हा गेलेला होता. थापा थांबल्या, जीप थांबली नाही. तेव्हापासून दौलत गाडी मागे घेतच नसे. लांबचा वळसा घालून जाई.

त्याला स्टिअरिंगवर बसवून सादिक शेजारी बसला. दौलतच्या हातावर हात ठेवून त्याने गिअर पूर्ण रेटला. आरशात गॅरेजची मागची भिंत उजळली.

तेवढ्यात मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.

सादिकने झटकन हात काढून घेतला आणि मागे वळून पाहिलं. कोणीच नव्हतं. दौलतची नजर मात्र आरशावरून हलली नाही.

"बाजूला हो, रावबा," तो हळूच म्हणाला. "आता दिसतोयस तू मला."