सुरक्षित अंतर

"मॅडम, लढाऊ रोबोंना विमा नाही मिळणार. ही प्लास्टिकची भिंत आहे, रिस्क बहुत आहे," म्हणत विमा कंपनीचे पोतनीसजी लांब, हॉलच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

इरावतीने रोबोंच्या लढतींसाठी स्वतः बांधलेल्या त्या पारदर्शक पिंजऱ्याला खेटून खुर्ची टाकली आणि पोह्यांची प्लेट घेऊन बसली. रिमोट धरलेल्या सुशांतला म्हणाली, "चालू कर, भिया."

आत फिरणाऱ्या रोबोचं पातं तुटलं आणि तिच्या नाकासमोर भिंतीवर आदळलं. भिंतीला साधा तडाही गेला नाही. कोपऱ्यात मात्र छताचं प्लास्टर सुटून पोतनीसजींच्या खांद्यावर पडलं. या हॉलच्या विम्यावर सही त्यांचीच होती.

रोबो थांबल्यावर तिने पिंजऱ्याचं दार उघडून त्याची बॅटरी काढली.

"सर, आत येऊन उभे राहा. याचं छत मी बांधलंय."